मावशी, नाडी आणि व्यापारी वारे

ज्या वर्षी आमच्या घरी फ्रीज आला आणि मी घोड्यावर बसले, ते साल त्र्याहत्तर. फ्रीजचं सगळ्यांना कौतुक आहे. घोड्याचा विषय निघाला की मात्र घरातली माणसं गालातल्या गालात हसतात आणि कोणीतरी म्हणतं, "आजी, ते घोड्यावरून पडलेलं सांग ना!" मी पडले नव्हते. एकदाही पडले नव्हते. उतरले होते आणि पुन्हा चढता आलं नव्हतं, हा प्रकार वेगळा. पण हा फरक समजण्याइतकी माणसं आता उरली नाहीत, म्हणून लिहून ठेवते.

माझे धाकटे दीर, म्हणजे भाऊजी, गावाबाहेर पाण्याच्या टाकीमागे नगरपालिकेच्या मैदानावर घोडेस्वारीची शाळा चालवत. शाळा म्हणजे पत्र्याचा तबेला, पाच घोडे आणि लग्नाचं वय निघून गेलेले भाऊजी. विद्यार्थी म्हणजे सुट्टीच्या दिवशी येऊन तीन फेऱ्या मारणारी आणि चौथीसाठी भोकाड पसरणारी पोरं. त्या साली मैदानाचा करार संपला आणि नगरपालिकेत जागांचा विभाग बघायला नवे साहेब आले. मोकळी जागा दिसली की या साहेबांना तिथे ओळीनं उभ्या केलेल्या मोटारी दिसायच्या.

"शाळा म्हणता ना?" साहेब भाऊजींना म्हणाले. "मग तयार झालेला एक स्वार दाखवा. पोरं फिरवायची तर बागेतला पाळणाही फिरवतो. तीन महिन्यांनी ती दरवर्षीची साठ किलोमीटरची घोड्यांची दौड आहे. यंदा तुमच्याकडे नव्यानं शिकलेल्या एका तरी माणसानं ती पुरी केली, तर तिथल्या तिथे करारावर सही करतो. नाहीतर वाहनतळ."

वाहनतळ झाला तर पाचही घोडे विकावे लागणार होते. आणि भाऊजींना घोड्यांवाचून दुसरं कोणी नव्हतं; आम्ही होतो, पण आम्ही म्हणजे काही घोडे नव्हे. त्यांनी जिद्दीनं तीन विद्यार्थी जमवले. आणि दुसऱ्याच दिवशी तबेल्यातला दिवा बदलताना स्टुलावरून पडून पाय मोडून घेतला. जन्मभर उधळत्या घोड्यांवर बसलेला माणूस, आणि पाडलं कोणी, तर स्टुलानं.

दवाखान्यात पाय टांगलेल्या अवस्थेत ते मला म्हणाले, "वहिनी, आता तुम्हीच."

"मी काय?"

"तुम्हीच तयार करा त्यांना. तुम्ही शिक्षिका. वर्गातल्या चाळीस मुली सांभाळता, ही तर तिघंच. तुमच्यासारखं शिकवणारं कोणी नाही."

मी मुलींच्या शाळेत भूगोल शिकवत असे. माझा तास जेवणाच्या सुट्टीनंतर. एकदा तपासणीला आलेले अधिकारी माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर बसले होते आणि मी व्यापारी वारे शिकवत होते. जाताना त्यांनी शेरा लिहिला, 'वर्गात शांतता उत्तम.' एवढ्या वर्षांत माझ्या वाट्याला आलेली ती एकमेव शाबासकी. त्यावर भाऊजींची ही दुसरी. मी विरघळले. घोड्याला पुढून ओळखता येत होतं, एवढंच माझं ज्ञान होतं, पण भूगोल शिकवणारी कुठे सगळे समुद्र पोहून आलेली असते?

तीन विद्यार्थी असे. पहिले दातांचे डॉक्टर: उंच, देखणे, आणि ते स्वतःला माहीत असलेले. दुसरे बँकेतले कॅशियर: सत्यवचनी. रस्त्यात कोणी 'काय, बरं आहे ना?' विचारलं तर खरंखुरं उत्तर द्यायला थांबणारे. आणि तिसऱ्या आमच्या वन्सं, म्हणजे ह्यांची थोरली बहीण. त्या धाकट्या भावासाठी आल्या होत्या असं त्या म्हणत. 'वहिनीला येतं आणि मला नाही, असं व्हायला नको' म्हणून आल्या होत्या असं मी म्हणते.

मी वेळापत्रक केलं. तबेल्यात फळा लावला. ग्रंथालयातून पुस्तक आणलं, त्यात घोड्याच्या भागांची नावं होती. ती पाठ करून घेतली. हे ऐकून आमच्या चाळीतले, खालच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर वर आले. जगातल्या कुठल्याही विषयावर त्यांचा एक मेहुणा असे.

"माझा मेहुणा घोड्यावरून लांब लांब जायचा," ते म्हणाले. "तो सांगायचा, स्वारी घोडा करत नाही, बैठक करते. बैठक घट्ट करा. तुरटीच्या पाण्यात रोज अर्धा तास बसवा सगळ्यांना. कातडं असं होतं!" त्यांनी माझ्या टेबलावर टकटक केलं.

आमच्या घरी तीन घमेली आली. डॉक्टर, कॅशियर आणि वन्सं आपापल्या घरी बसले असते तर ठीक होतं, पण वन्सं म्हणाल्या, "शिस्त म्हणजे शिस्त. सगळे एकत्र." तेव्हा दोघे पुरुष न्हाणीघरात, वन्सं स्वयंपाकघरात आणि मी मधल्या दारात घड्याळ घेऊन उभी, असा तो वर्ग चालायचा. हे ऑफिसातून यायचे, बूट काढायचे, न्हाणीघराच्या दाराकडे बघायचे आणि बूट परत घालून फिरायला जायचे. आठवड्यानं कातडं टेबलासारखं झालं नाही. डॉक्टरांना पुरळ मात्र उठलं.

भाऊजींनी दवाखान्यातून एक महत्त्वाची गोष्ट सांगून पाठवली होती. या दौडीत पहिलं येण्याला किंमत नाही. अर्ध्या वाटेवर आणि शेवटी डॉक्टर नाडी तपासतात. पोचल्यापासून अर्ध्या तासात ठोके चौसष्टवर उतरले पाहिजेत. नाही उतरले, की बाद. मी हे फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं आणि कामाला लागले. तिघांना मैदानाभोवती पळवायचं, लगेच आडवं करायचं, मनगट धरायचं. डॉक्टरांची नाडी लवकर उतरायची. कॅशियरांची खोटं बोलल्यासारखी धडधडायची. वन्संची मोजताना मीच घाबरायची, म्हणून आकडा चुकायचा. महिनाभरात तिघांचेही ठोके चौसष्टच्या आत आले. मी अभिमानानं भाऊजींना कळवायला गेले तेव्हा ते नुकतेच कुबड्यांवर उभे राहिले होते. ऐकून पुन्हा खाली बसले.

"वहिनी," ते म्हणाले, "नाडी घोड्याची हो!"

आता तुम्ही हसाल. पण ज्या गावात माणसाची नाडी बघायला डॉक्टर वेळेवर मिळत नव्हते, तिथे घोड्याची बघत असतील हे मला कसं सुचावं?

मग घोड्यांकडे वळलो. त्यांत मावशी नावाची एक करडी घोडी होती. (ही मावशी म्हणजे घोडी, हे आधीच सांगते, पुढे घोटाळा नको.) चाल भक्कम, पण स्वभाव भित्रा. उडता कागद दिसला, कोणी टाळी वाजवली, की तिची छाती ढोलासारखी वाजे. ती वन्संच्या वाट्याला आली. वन्सं तिच्याशी वरच्या पट्टीत बोलत, त्यामुळे मावशीच्या मनात वन्संबद्दल काय होतं ते मी ओळखून होते.

माझं शाळेचं काम या सगळ्यात मागे पडत होतं. म्हणून संध्याकाळी तिघं गेल्यावर मी मावशीच्या पुढ्यात बादली पालथी घालून बसायची आणि दुसऱ्या दिवशीचा पाठ मोठ्यानं म्हणून बघायची. ग्रहीय वारे, त्यांचे पट्टे, त्यांच्या दिशा. मावशी आधी कान टवकारायची. मग हळूहळू मान खाली आणून माझ्या खांद्यावर टेकायची, खालचा ओठ लोंबू द्यायची, एक मागचा पाय सैल सोडायची. मला गहिवरून यायचं. मी घरी सांगितलं, "मुक्या जनावराला विषयाची गोडी लागली, मुलींना लागत नाही." ह्यांनी वर्तमानपत्र जरा उंच धरलं.

दौडीला पंधरवडा उरला आणि नगरपालिकेचा कागद आला. स्वार नव्यानं शिकलेले आहेत याला पुरावा काय? 'पूर्वी घोड्यावर न बसल्याचा दाखला' जोडावा.

आम्ही चौघं नगरपालिकेत गेलो. माझंही नाव राखीव म्हणून घातलं होतं, निव्वळ रकाना रिकामा राहू नये म्हणून.

"न बसल्याचा दाखला आम्ही देत नाही," खिडकीतला कारकून म्हणाला. "बसल्याचा असेल तर दाखवा, तो रद्द करून देतो."

"पण आम्ही बसलोच नाही!"

"मग रद्द काय करू?"

तिथून आम्हाला जन्ममृत्यूच्या खिडकीवर पाठवलं, तिथून पशुवैद्यकीय दवाखान्यात, तिथून परत पहिल्या खिडकीवर. तोवर कारकुनाचं जेवण झालेलं असल्यानं तो बराच माणसात आला होता. "असं करा," तो म्हणाला, "ज्यानं त्यानं माझ्यासमोर सांगा की मी आधी बसलो नव्हतो. मी शिक्का मारतो."

डॉक्टरांनी सांगितलं. शिक्का बसला. वन्संनी सांगितलं, कारकुनानं दचकून दोनदा शिक्का मारला. माझ्याकडे त्यानं नुसतं डोक्यापासून पायापर्यंत बघितलं आणि म्हणाला, "तुमचं सांगायला नको. दिसतंच आहे." आणि कॅशियर उभे राहिले, घसा खाकरला आणि म्हणाले, "मी पाच वर्षांचा असताना आजोबांनी मला एका घोड्यावर बसवलं होतं. साधारण पिंपळाच्या झाडापासून विहिरीपर्यंत."

"अहो, ते बसणं नव्हे!" मी ओरडले.

"बसणंच ते. मला स्पष्ट आठवतं," कॅशियर म्हणाले.

आठवडाभर तुरटीच्या पाण्यात बसलेला माणूस त्या पिंपळापासून विहिरीपर्यंतच्या स्वारीवर बाद झाला. उरले दोन.

दौडीच्या सकाळी सगळी चाळ ट्रकमधून सुरुवातीच्या जागी आली. भाऊजी कुबड्या टेकत प्रत्येक घोड्याच्या पायावरून हात फिरवत होते. स्वारांना पाठीवर बांधायचे आकडे वाटले, आणि तिथे माशी शिंकली. डॉक्टरांचा आकडा आधीचा निघाला, वन्संचा त्यांच्या मागचा.

"हा कालचा पोरगा माझ्या पुढे?" वन्सं म्हणाल्या. "वयानं मी मोठी आहे की हा?"

"ताई, ते नुसते आकडे आहेत," भाऊजी काकुळतीला येऊन म्हणाले.

"आज आकडे. उद्या म्हणाल जेवायलाही याच्या मागून बस." आणि वन्सं ट्रकच्या पुढच्या सीटवर जाऊन बसल्या. वन्सं एकदा बसल्या की उठत नसत. घोड्यावर हा गुण किती कामाला आला असता!

भाऊजींनी माझ्याकडे बघितलं. एकटे डॉक्टर, एकच आशा. दोन असल्या तर बरं. त्यांनी तोंडानं काही म्हटलं असतं तर मी नाही म्हणाले असते. मी ह्यांची जुनी ऑफिसची पॅन्ट पट्ट्यानं आवळून घातली. चौघांनी मला उचललं. पोस्टमास्तर खालून म्हणाले, "बैठक, बैठक!" आणि मावशी चालू लागली.

पहिल्या निम्म्या वाटेबद्दल मला फारसं सांगता येणार नाही, कारण डोळे मिटलेले होते. डॉक्टर मात्र सुरुवातीलाच वाऱ्यासारखे निघाले. रस्त्यावरच्या कॉलेजातल्या मुलींनी टाळ्या वाजवल्या, त्यासरशी त्यांनी घोडा चौखूर उधळला. तपासणीच्या जागी ते सगळ्यांच्या आधी पोचले. त्यांच्या स्वतःच्या नाडीचे ठोके लगेच चौसष्टवर आले. घोड्याचे अर्धा तास झाला तरी नव्वदच्या खाली येईनात. मी पोचले तेव्हा ते झाडाखाली हातरुमाल तोंडावर घेऊन बसले होते. मावशीचे ठोके तिथे सहज उतरलेले निघाले, कारण तिथे गर्दी-गोंगाट नव्हता आणि आधीचा लांबलचक उतार मी भाऊजींनी बजावल्याप्रमाणे खाली उतरून पायी चालले होते. मला नळी लावून तपासलं असतं तर मी तिथेच बाद झाले असते.

आता सगळं माझ्यावर.

पुढच्या उतारावर मी पुन्हा उतरले. उतार संपला. चढायला गेले आणि लक्षात आलं, मला सकाळी चाळीतल्या चौघांनी आणि तपासणीच्या जागी तिथल्या माणसांनी उचलून बसवलं होतं. रिकिबीत पाय पोचेना. पोचला तर उरलेली मी खालीच राहायची. एखादा दगड, कठडा, काही मिळेल म्हणून चालत राहिले. सपाट मुलूख. मी पुढे, मावशी मागे. एक सायकलवाला थांबला.

"काय बाई, घोडी बिघडली?"

"नाही."

"ढकलू का जरा?"

पुढे एका शेताच्या बांधावर दोन बायका बसल्या होत्या. एक दुसरीला म्हणाली, "बघ, पोरीसारखं जपते. एवढ्या उन्हात स्वतः चालते, पण जनावरावर बसत नाही." मी मान ताठ करून चालले. बऱ्याच वेळानं मैलाचा एक दगड सापडला. त्यावरून चढले, आणि नंतर काही झालं तरी उतरायचं नाही असं ठरवलं. शेवटचा टप्पा मावशीनं आपल्या मनानं दुडक्या चालीनं काढला.

सूर्य मावळायच्या आत पोचायचं होतं. पोचले, शेवटून पहिली. आणि इथेच घात झाला. आमच्या चाळीनं माझं स्वागत करायचं ठरवलं होतं. डबे, ताटं, शिट्ट्या. मी येताना दिसले तशी सगळ्यांनी एकदम आरोळी ठोकली. मावशी जागच्या जागी उडाली. मीही उडाले, पण परत तिच्यावरच आले. जनावरांच्या डॉक्टरांनी नळी लावली.

"ब्याऐंशी," ते म्हणाले. "अर्धा तास आहे."

खुर्चीत जागांचे साहेब बसलेले. मांडीवर कराराचा कागद, हातात घड्याळ. चाळीनं मावशीला वेढा घातला. कोणी म्हणे पाणी मारा, कोणी म्हणे पुसून काढा. पोस्टमास्तर म्हणाले, "माझा मेहुणा अशा वेळी घोड्याच्या कानात फुंकर घालायचा," आणि त्यांनी घातली. अठ्ठ्याऐंशी. वन्सं ट्रकमधून उतरून म्हणाल्या, "काय गं मावशे, लाज नाही वाटत?" ब्याण्णव.

भाऊजींनी सगळ्यांना मागे सारलं. पाणी मारलं, फिरवलं, थांबवलं. ठोके उतरले, पण सत्तरवर येऊन अडले. ते कुबडीवर रेलून तिच्या मानेवर कपाळ टेकून उभे राहिले. तिला ते बहुधा सांगत होते, काही हरकत नाही म्हणून. मला ते बघवेना.

तेवढ्यात मागून ह्यांचा आवाज आला. हळू, आणि जरा अपराधी.

"अगं, तू तिला ते वाऱ्यांचं सांग ना."

"कुठल्या वाऱ्यांचं?"

"तेच ते. व्यापारी."

मी वळून ह्यांच्याकडे बघितलं. हे बुटांकडे बघत होते. आणि एका क्षणात मला सगळं उलगडलं. तपासणी अधिकाऱ्यांचा शेरा. जेवणानंतरच्या तासाला बाकांवर ओणवलेल्या मुली. रात्री मी पाठ म्हणू लागले की ह्यांचं ते लगेच 'वा, छान' म्हणून कुशीवर वळणं. मावशीचा लोंबता ओठ. अपमान गिळायला माणसाला थोडा वेळ लागतो. माझ्याकडे तो नव्हता. मी बादली पालथी घातली, बसले आणि सुरू केलं.

"पृथ्वीवर हवेच्या दाबाचे पट्टे आहेत. जास्त दाबाच्या पट्ट्याकडून कमी दाबाच्या पट्ट्याकडे जे वारे वर्षभर नियमितपणे वाहतात..."

मावशीनं कान हलवले. चाळ गप्प झाली. उपोष्ण पट्ट्यापर्यंत पोचले तेव्हा पोस्टमास्तरांनी जांभई दिली आणि ती एकातून दुसऱ्यात अशी सगळ्या ट्रकभर फिरली. पश्चिमी वाऱ्यांना वन्सं मडगार्डवर कलल्या. विषुववृत्ताजवळच्या शांत पट्ट्यात, जिथे वारा नावाला नसतो आणि जहाजं आठवडेच्या आठवडे जागची हलत नाहीत, तिथे मावशीची मान माझ्या खांद्यावर आली.

"डॉक्टर," भाऊजी कुजबुजले. "डॉक्टर!"

जनावरांचे डॉक्टर नळी कानाला लावून उभ्या उभ्या पेंगत होते. त्यांना हलवलं. त्यांनी मोजलं, पुन्हा मोजलं.

"छप्पन्न," ते म्हणाले. "दौड पुरी."

कोणी टाळी वाजवली नाही. वाजवण्याइतकं जागं कोणी नव्हतं. साहेब खुर्चीत मान मागे टाकून घोरत होते. त्यांना उठवून हातात पेन द्यावं लागलं. सही जरा तिरकी आहे, पण आहे.

भाऊजींचे डोळे भरून आले होते. ते म्हणाले, "वहिनी, तुमच्यासारखं शिकवणारं खरंच कोणी नाही." यावर माणसानं आनंद मानावा की विहीर जवळ करावी, ते मला आजतागायत ठरवता आलेलं नाही.

मैदान अजून आहे. भाऊजींनी ते म्हातारपणापर्यंत सांभाळलं. आता माझी नात सांभाळते. ती माणसांची नाडी बघत नाही. दातांच्या डॉक्टरांनी त्याच कॉलेजातल्या टाळ्या वाजवणाऱ्या मुलींपैकी एकीशी लग्न केलं, म्हणजे त्यांची दौड अगदीच वाया गेली नाही. कॅशियर बँकेतून सन्मानानं निवृत्त झाले आणि निरोपाच्या भाषणात त्यांनी बँकेबद्दल जे खरं होतं ते सगळं सांगितलं. पोस्टमास्तर वारले, तेव्हा कळलं की त्यांना मेहुणा नव्हताच. वन्सं शेवटपर्यंत सांगत राहिल्या, "माझीच घोडी होती. हिनं नुसती चालवत आणली." जे बव्हंशी खरं आहे. साहेब निवृत्तीनंतर झोप येत नाही म्हणून वैद्य पालथे घालत होते असं ऐकलं. मी निरोप पाठवणार होते, पण आत्मसन्मान आडवा आला. मावशी म्हातारी होऊन एका दुपारी उभ्या उभ्या पेंगता पेंगता खाली बसली आणि उठली नाही. तेव्हा मी शाळेत होते, याचं मला वाईट वाटतं.

आणि हे. शेवटच्या आजारात ह्यांना झोप लागेना. औषधं थकली. एके दिवशी दुपारी हे म्हणाले, "अगं, ते वाऱ्यांचं सांग ना."

"चेष्टा पुरे झाली," मी म्हटलं.

"चेष्टा नाही गं. मला आवडायचं ते. नेहमीच."

"कधी शेवटपर्यंत ऐकलंत?"

"सांग तर."

मी ह्यांचं मनगट हातात घेतलं आणि सुरू केलं. दाबाचे पट्टे, व्यापारी वारे, पश्चिमी वारे. शांत पट्ट्याशी आले तेव्हा बोटांखाली मला काही लागेना. मी थांबले नाही. ध्रुवीय वारेसुद्धा सांगितले. पहिल्यांदाच धडा पुरा झाला.

वर्गात शांतता उत्तम होती.